दुसऱ्या गाडीची वही

२९ जुलै २०२४, सोमवार

काम ठरलं. भाचीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात विद्यार्थ्यांचा रेसिंग संघ आहे, ती त्यात एरोडायनॅमिक्स बघते. डिसेंबरात त्यांना दोन तासांचं सत्र हवंय. "मामा, जिंकण्याबद्दल सगळेच बोलतात. तू घसरणीबद्दल बोल," म्हणाली. तेव्हा विषय शोधत बसावं लागलं नाही. काल रात्रीच फॉर्म्युला वनची बेल्जियमची शर्यत पाहून झोपलो होतो.

रेड बुल. गेल्या वर्षी २२ पैकी २१ शर्यती जिंकणारा संघ. या वर्षीही पहिल्या १० पैकी ७ त्यांच्याच. आणि आता ऑस्ट्रिया, ब्रिटन, हंगेरी, बेल्जियम अशा सलग चार शर्यती विजयाविना. गाडी तीच, ड्रायव्हर तेच, कारखाना तोच. आता उन्हाळी सुट्टी लागलीये, म्हणजे मलाही चार आठवडे मिळाले.

पद्धत साधी ठेवतोय. एक लांब वही. प्रत्येक शर्यतीला एक ओळ. संघाचे दोन ड्रायव्हर: डाव्या रकान्यात मॅक्स वर्स्टॅपन, उजव्या रकान्यात सर्जिओ पेरेझ. दोघांचं क्वालिफाइंग (शर्यत कितव्या जागेवरून सुटायची ते ठरवणारी, तीन फेऱ्यांची वेगाची चाचणी) आणि शर्यतीतला शेवटचा क्रमांक. अगदी उजवीकडे "काय बदललं".

कालची ओळ लिहितानाच हात थबकला. वर्स्टॅपन नव्या इंजिनाच्या दंडामुळे ११ वा सुटला आणि ४ था आला. पेरेझ २ रा सुटला आणि ७ वा आला, तोही मर्सिडीजच्या रसेलला गाडीच्या कमी वजनामुळे बाद केल्यावर. एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, एकाच कारखान्याच्या दोन गाड्या उलट दिशेला गेल्या.

वहीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलं: कारण, गाडीची रचना करणारा एड्रियन न्यूई संघ सोडतोय. सगळे तेच म्हणतायत. बघू टिकतं का.

३ ऑगस्ट, शनिवार

२०२३ चं पूर्ण वर्ष भरून काढलं. सकाळचा चहा आणि दुपारची झोप दोन्ही यात गेलं.

पहिल्या चार शर्यतींत दोघांचे दोन-दोन विजय. बहारीन आणि ऑस्ट्रेलिया वर्स्टॅपनचे, सौदी आणि बाकू पेरेझचे. आज हे आठवायलाही कठीण जातं, पण २०२३ च्या एप्रिलअखेरीस पेरेझ खरोखरीचा दावेदार होता. पाचवी शर्यत मायामी. पेरेझ पोलवर, म्हणजे सुरुवातीच्या पहिल्या जागेवर, वर्स्टॅपन ९ वा. जिंकला वर्स्टॅपन. तिथून पेरेझच्या रकान्यात एकही विजय नाही. मोनॅकोत क्वालिफाइंगच्या पहिल्या फेरीत भिंतीवर. मग स्पेन, कॅनडा, ऑस्ट्रिया, ब्रिटन. मोनॅको धरून सलग पाच वेळा तो पहिल्या दहांत क्वालिफाय झाला नाही. त्या पाचही शर्यती डाव्या रकान्याने जिंकल्या. मायामीपासून मोंझापर्यंत वर्स्टॅपनचे सलग १० विजय, तो विक्रमच.

वर्षअखेरीस ५७५ गुण विरुद्ध २८५. तेव्हा मीसुद्धा मित्रांत छातीठोकपणे म्हणत होतो की फरक ड्रायव्हरमध्ये आहे. उन्हाळ्यात आलेल्या बदलांनंतर गाडी हातात बसेनाशी झाली असं पेरेझ पुढे सांगत राहिला. ते मी ऐकलं आणि सोडून दिलं.

आता न्यूईचं. तो रेड बुलमध्ये २००६ पासून. जाण्याची घोषणा १ मे २०२४ ला झाली. त्याचं जाणं हे मूळ कारण असेल तर २०२३ चा उजवा रकाना स्वच्छ हवा होता. तो स्वच्छ नाही. पेन्सिलीची ओळ खोडली. पूर्णपणे नाही खोडली खरं तर. गाडी वाकड्या वाटेला लागली हे लवकर ओळखणारा डोळा गेला, एवढं त्यात शिल्लक ठेवलं. पण डोळा जाणं वेगळं आणि वाट चुकणं वेगळं.

सिंगापूर २०२३ ची ओळ लाल शाईने लिहिली. वर्षातली हरलेली एकमेव शर्यत. दोघेही क्वालिफाइंगच्या दुसऱ्या फेरीत बाद, ११ वा आणि १३ वा. शर्यतीत ५ वा आणि ८ वा. पुढच्याच आठवड्यात सुझुकाला वर्स्टॅपन जिंकला आणि सिंगापूर हा एका रस्त्याचा प्रश्न ठरून गेला. उरलेल्या सातही शर्यती जिंकल्यावर कोण मागे वळून बघणार?

११ ऑगस्ट, रविवार

विंड टनेलच्या, म्हणजे गाडीच्या नमुन्यावर वारा सोडून तपासायच्या बोगद्याच्या, वेळेचा हिशोब. मुलांना हा भाग आवडेल, कारण इथे नियमच जिंकणाऱ्याच्या विरुद्ध आहे.

फॉर्म्युला वनमध्ये आदल्या क्रमवारीप्रमाणे चाचणीचा वाटा ठरतो. पहिल्या क्रमांकाच्या संघाला मूळ मर्यादेच्या ७० टक्के, दुसऱ्याला ७५, असं पाच-पाचने वाढत दहाव्याला ११५. मूळ मर्यादा एका चाचणी-काळात ३२० फेऱ्यांची, वर्षात असे सहा काळ. म्हणजे या वर्षाच्या पूर्वार्धात दर काळात रेड बुलला २२४ फेऱ्या, आणि गेल्या वर्षी चौथ्या आलेल्या मॅक्लारेनला २७२. शिवाय २०२१ मध्ये खर्चाची मर्यादा ओलांडल्याबद्दल रेड बुलला ७० लाख डॉलरचा दंड आणि वर्षभर चाचणीत १० टक्के कपात झाली होती, त्यामुळे २०२३ च्या बऱ्याच काळात त्यांचा वाटा ६३ टक्केच होता.

हे कारण खरं आहे, पण अपुरं आहे. कमी फेऱ्या मिळाल्या तर प्रगती मंदावते. गाडी बिघडत नाही. आणि इथे गाडी बिघडलेली दिसते.

रेड बुलचा टनेल बेडफर्डला आहे, शीतयुद्धाच्या काळातला, लष्करी विमानांच्या संशोधनासाठी उभारलेला. नवा टनेल मिल्टन कीन्सला, त्यांच्या कारखान्यापाशी, बांधतायत. जुन्या टनेलचा मुद्दा बाजूला टिपून ठेवला.

२५ ऑगस्ट, रविवार रात्र

झांडवूर्ट. वर्स्टॅपनचं घर, नारिंगी गर्दी. मॅक्लारेनचा नॉरिस २२.८९६ सेकंदांनी जिंकला. वर्स्टॅपन दुसरा.

आकडा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला म्हणून वही मागे उलटली. २ मार्च, बहारीन, मोसमाची पहिली शर्यत. तेव्हा वर्स्टॅपन २२.४५७ सेकंदांनी जिंकला होता, दुसरा पेरेझ. मार्चमध्ये बावीस सेकंद पुढे, ऑगस्टमध्ये बावीस सेकंद मागे. रस्ते वेगळे, टायर वेगळे, दोन आकडे असे समोरासमोर ठेवायचे नसतात हे मला कळतं. तरी दोन्हीभोवती गोल केला.

मॅक्लारेन मायामीत मोठे बदल घेऊन आली, नॉरिसने तिथेच पहिला विजय मिळवला, आणि ती गाडी तेव्हापासून सुधारतच गेलीये. त्यांचं श्रेय कमी करायचं नाही. त्या शर्यतीनंतर संघांच्या क्रमवारीत रेड बुल २३९, मॅक्लारेन १२४ असं अंतर होतं. ११५ गुण. ते आता झपाट्याने भरतंय. पण दुसरा वर चढला म्हणून आपण खाली गेलो, आणि आपण स्वतःच खाली गेलो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सत्रात ते वेगळेच मांडायचे.

२ सप्टेंबर, सोमवार, पोळा

मोंझा. कालची ओळ लिहिताना प्रकल्पाला खरा गाभा सापडला असं वाटतंय.

क्वालिफाइंगमध्ये वर्स्टॅपन ७ वा, पेरेझ ८ वा. शर्यतीत ६ वा आणि ८ वा. कित्येक महिन्यांनी दोन्ही रकाने शेजारी शेजारी, सारखे दिसतायत. शर्यतीनंतर वर्स्टॅपन गाडीला राक्षस म्हणाला, चालवता न येणारा. आणि संघानेही मान्य केलं की पुढच्या आणि मागच्या चाकांचा तोल जुळत नाही, टनेलमधले आकडे आणि रस्त्यावरचे आकडे जमत नाहीत.

पण हेच तर पेरेझ वर्षभर सांगत होता! उजव्या रकान्यातला आजार डाव्या रकान्यात पोचला, इतकंच काल झालं. आजार नवा नाही. गाडी अवघड होत गेली तसा आधी दुसरा ड्रायव्हर उघडा पडला. पहिल्याच्या अंगात इतकी ताकद होती की त्याने ती अवघडता गिळून टाकली, जिंकत राहिला, आणि त्याच्या जिंकण्याने पेरेझच्या तक्रारीची किंमत शून्य झाली.

संध्याकाळी शेजारच्या गल्लीत सजवलेले बैल आले होते. आजोबांची बैलगाडी आठवली. ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळते, पुढे जास्त झालं की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. आजोबा पोती पुढेमागे सरकवून जूला हात लावून बघायचे. दणकट बैल असला की वाईट भरलेली गाडीही घरी पोचायची. त्याची मान दुसऱ्या दिवशी सुजलेली दिसायची.

वहीचं नाव बदललं. मुखपृष्ठावर "रेड बुल २०२४" होतं, आता "दुसऱ्या गाडीची वही".

८ सप्टेंबर, रविवार

भाची गणपतीला आलीये. मोदक खाऊन झाल्यावर तिच्याकडूनच तांत्रिक भाग तपासून घेतला.

तिला आरतीचे दोन कागद उभे, जवळजवळ धरायला लावले आणि मधून फुंकलं. कागद एकमेकांकडे ओढले गेले. २०२२ च्या नियमांपासून गाडीच्या तळाला दोन बोगदे आहेत. हवा अरुंद जागेतून वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो, गाडी रस्त्याकडे खेचली जाते. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट.

"इथपर्यंत आम्हाला येतं, मामा," ती म्हणाली. "पुढचं सांग."

पुढचं असं की ओढ वाढली तशी गाडी स्प्रिंगवर दबते, रस्त्याजवळ जाते, आणि ओढीचा मध्य पुढेमागे सरकतो. हळू वळणावर ओढ कमी, नाक वळत नाही, गाडी सरळ जाऊ बघते. वेगवान वळणात शिरताना नाक एकदम धरतं आणि शेपूट सुटते. एकाच फेरीत दोन्ही. हळू वळणासाठी नाक धारदार करावं तर वेगवान वळणात शेपूट आणखी सुटते, शेपूट बांधावी तर नाक मरतं. तोल जिथे बसतो ती खिडकी अरुंद होत जाते. मॅक्लारेन आणि मर्सिडीजने पुढची विंग अशी केली की वेगात ती थोडी लवते आणि नाकावरचा दाब आपोआप कमी होतो. चाचण्यांच्या मर्यादेत बसवून केलेलं काम आहे ते. रेड बुल यात मागे राहिली.

भाचीने विचारलं, मग गाडी त्या अरुंद खिडकीकडे गेलीच का? माझं उत्तर: कारण ती तिकडे वेगवान होती. वर्स्टॅपनला धारदार नाक आवडतं, सुटणारी शेपूट तो हातांनी सावरतो. पेरेझला मागून भरवसा लागतो. टनेल सांगतो दाब वाढला, वर्स्टॅपनचं घड्याळ सांगतं वेळ कमी झाली. दोन साक्षी जुळल्या. तिसरी साक्ष पेरेझची, ती उलट होती, आणि ती माणसाची कमजोरी म्हणून वजा केली गेली.

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आमच्याकडेही दोन ड्रायव्हर आहेत."

१५ सप्टेंबर, रविवार

बाकू. मॅक्लारेनचा पियास्त्री जिंकला. वर्स्टॅपन ५ वा. पेरेझ आज कित्येक महिन्यांत पहिल्यांदा आघाडीच्या गाड्यांत होता, पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांतली जागा, दिसत होतं, आणि शेवटाला फेरारीच्या साइन्झशी टक्कर. दोघे भिंतीत. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. या माणसाची बाजू घेऊन इतके दिवस लिहितोय, त्याला आज तरी मिळायला हवं होतं.

संघांच्या क्रमवारीत मॅक्लारेन पुढे गेली, २० गुणांनी. ११५ चं अंतर मायामीनंतरच्या ११ शर्यतींत संपलं.

२९ सप्टेंबर, रविवार

आज वही नाही. आज जे लिहायचंय ते सत्रात सांगावं की नाही हे ठरत नाही, म्हणून आधी इथे.

नोकरीची सुरुवातीची वर्षं. क्वालिटीत होतो. शॉपवर एक जुना लेथ, त्याच्या क्रॉस स्लाइडमध्ये, म्हणजे हत्यार पुढेमागे नेणाऱ्या भागात, चांगलाच बॅकलॅश, ढिली चाल. त्यावर एक वयस्क मिस्त्री, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. काका हँडल एका खास पद्धतीने मागे घेऊन पुढे आणायचे, चाल खाऊन टाकायचे आणि जॉब मापात काढायचे. त्यांचं रिजेक्शन जवळपास नसायचंच. मशीनच्या दुरुस्तीचा कागद दर तिमाहीला यायचा आणि "उत्पादन मापात आहे" म्हणून परत जायचा. त्यावर सही माझी.

दुसऱ्या पाळीला एक नवा मुलगा होता. त्याचे जॉब मापाबाहेर जायचे. तो दोनदा माझ्याकडे आला, म्हणाला, साहेब, स्लाइड खेळते. मी त्याला काकांचे जॉब दाखवले. याच मशीनवर निघालेत, म्हटलं.

मग काका मुलीच्या लग्नासाठी तीन आठवडे रजेवर गेले. पहिल्या पाळीतही जॉब मापाबाहेर जायला लागले. मशीन उघडलं तेव्हा नट इतका झिजला होता की फिटर माझ्याकडे बघत राहिला. पण तोवर त्या मुलाला कमी केलं होतं. अहवाल मी लिहिला होता, "कौशल्याचा अभाव" असे शब्द घालून. तो कुठे गेला हे मी शोधलं नाही. शोधायला हवं होतं.

मिल्टन कीन्सच्या इंजिनिअरांना नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. मी केलंच.

२१ ऑक्टोबर, सोमवार

ऑस्टिन. भारतात रात्री साडेबाराला सुरू, दुसऱ्या दिवशी कामावर डोळे उघडत नव्हते. गाडीला नवा तळ आलाय. शनिवारची स्प्रिंट, म्हणजे छोटी शर्यत, वर्स्टॅपनने जिंकली, मुख्य शर्यतीत ३ रा. खिडकी थोडी रुंद झाल्यासारखी दिसते. पेरेझ ७ वा. उजव्या रकान्यात अजून फरक नाही, म्हणून मी आनंदाची खूण करत नाही.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

ताईकडे ओवाळणी झाली, जेवण झालं, आणि दुपारी चारला ब्राझीलचं क्वालिफाइंग. शनिवारच्या पावसाने ते रविवारवर ढकललं होतं. वर्स्टॅपन दुसऱ्या फेरीत बाद, १२ वा. इंजिनाच्या दंडाने १७ वा. ताई म्हणाली, आता तुझा प्रकल्प सिद्ध झाला. रात्री नऊला शर्यत.

आणि त्याने ती जिंकली. सतराव्यावरून. मुसळधार पावसात, १९ सेकंदांहून जास्त अंतराने. स्पेननंतरच्या दहा विजयाविना शर्यती आज संपल्या. भाची आणि मी दोघेही शेवटच्या वीस फेऱ्या उभ्याने पाहत होतो. गाडी चालवण्याची कला याहून वर जात असेल तर मी ती पाहिलेली नाही.

पण वहीचं काय? भाचीने तोच प्रश्न केला. मी म्हटलं, उजवा रकाना वाच. पेरेझ ११ वा. पावसात वेग कमी, ओढ कमी, तोलाचा दोष दडतो. हात आणि धीर मोठा होतो. आज मला काका आठवले. हा विजय गाडीबद्दल फार थोडं सांगतो. चालवणाऱ्याबद्दल जे सांगतो ते मात्र मी विसरणार नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

काल दिवसभर घरात विधानसभेचे निकाल, आज साडेअकराला लास व्हेगास. वर्स्टॅपन ५ वा आला आणि चौथ्यांदा जगज्जेता झाला. नॉरिस ६ वा. पेरेझ १० वा.

९ डिसेंबर, सोमवार

मोसम संपला. बेरीज दोनदा केली.

मॅक्लारेन ६६६, फेरारी ६५२, रेड बुल ५८९. विश्वविजेता ड्रायव्हर ज्या संघात, तो संघ तिसरा. वर्स्टॅपन ४३७, पेरेझ १५२. पेरेझचे पहिल्या सहा शर्यतींत १०३ गुण आणि चार पोडियम; नंतरच्या १८ शर्यतींत ४९ गुण आणि पोडियम एकही नाही. ४ जूनला त्याचा करार वाढवला होता, तेव्हा घसरण सुरू झालेली होती.

मॅक्लारेनच्या दुसऱ्या गाडीतल्या पियास्त्रीचे २९२, फेरारीच्या दुसऱ्या गाडीतल्या साइन्झचे २९०. पेरेझला २३० मिळाले असते तर संघाचं विजेतेपद रेड बुलकडे राहिलं असतं. २०२३ मध्ये त्याने २८५ मिळवले होते. दुसऱ्या गाडीकडे दुर्लक्ष केल्याची किंमत इतकी नेमक्या आकड्यात फार क्वचित दिसते.

त्याच्या चुका पुसायच्या नाहीत. मोनॅकोची पहिल्याच फेरीतली धडक, हंगेरीच्या क्वालिफाइंगमधली भिंत, सिल्व्हरस्टोनला क्वालिफाइंगच्या पहिल्या फेरीत वाळूत अडकणं, हे सगळं वहीत आहे. पण गाडीवर भरवसा नसलेला माणूस चुका जास्त करतो, त्यामुळे चूक आणि दोष वेगळे करणं मला शेवटपर्यंत जमलेलं नाही. तसंच सांगणार.

१४ डिसेंबर, शनिवार

सत्र झालं. साठ-सत्तर मुलं, फळा, वही आणि आरतीचे दोन कागद. लेथची गोष्ट सांगितली. सांगताना आवाज एकदा अडकला. मुलं शांत होती.

सगळ्यात चांगला प्रश्न तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाने विचारला. "सर, हळू ड्रायव्हर प्रत्येक वेळी गाडीचाच दोष सांगतो. खरं कधी आणि निमित्त कधी, कसं ओळखायचं?"

मी म्हटलं, घड्याळाकडे नका बघू, अंतराकडे बघा. नवा भाग बसवल्यावर दोघेही तेवढेच सुधारले तर भाग चांगला. एक सुधारला आणि दुसरा बिघडला तर भाग वेगवान आहे पण खिडकी अरुंद केलीये. आणि शंका असेल तर त्याच गाडीत तिसरा माणूस बसवा. तो मुलगा लगेच म्हणाला, "रेड बुलने ते केलंय का?" अजून नाही, म्हटलं.

संघाने तिथल्या तिथे एक नियम केला. यापुढे प्रत्येक नवा भाग आधी त्यांच्या दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचा, त्याची नोंद लिहून झाल्यावरच पहिल्याच्या. तो दुसरा ड्रायव्हर मागच्या बाकावर बसला होता, खाली बघत होता.

१९ डिसेंबर, गुरुवार

काल पेरेझ संघ सोडत असल्याचं जाहीर झालं. आज त्याच्या जागी लियाम लॉसन. तिसरा माणूस मिळाला. वहीची शेवटची आठ पानं कोरी आहेत, ती राखून ठेवली.

२७ मार्च २०२५, गुरुवार

दोन शर्यती झाल्या आणि लॉसनला काढलं. मेलबर्नला तो क्वालिफाइंगमध्ये १८ वा आणि शर्यतीत भिंतीत, शांघायला क्वालिफाइंगमध्ये २० वा. त्याच दोन ठिकाणी वर्स्टॅपन क्वालिफाइंगमध्ये ३ रा आणि ४ था. त्याच्या जागी युकी त्सुनोडा, जो मेलबर्नला रेड बुलच्याच धाकट्या संघाच्या, रेसिंग बुल्सच्या, गाडीतून ५ वा क्वालिफाय झाला होता.

मधल्या काळात न्यूईची एक मुलाखत वाचली. गाडी २०२३ मध्येच अवघड व्हायला लागली होती, मॅक्सला ती पेलली, पेरेझला नाही, आणि पुढे त्याच दिशेने काम चालू राहिलं, असा त्याचा रोख. ऑगस्टमध्ये खोडलेली पेन्सिलीची ओळ पुन्हा बघितली. "लवकर ओळखणारा डोळा" हे शब्द शाईने गिरवले.

मला बरोबर ठरल्याचं समाधान व्हायला हवं, पण लॉसन तेवीस वर्षांचा आहे आणि त्याला दोन रविवार मिळाले. आज तो दुसऱ्या पाळीचा मुलगा फार आठवतोय.

६ एप्रिल, रविवार, रामनवमी

सुझुका, सकाळी साडेदहा. वर्स्टॅपन काल नॉरिसपेक्षा ०.०१२ सेकंदाने पोलवर होता, आज सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुढे राहून जिंकला. त्सुनोडा त्याच्याच देशात, पहिल्याच दिवशी, १२ वा. झेंडा पडला आणि थोड्याच वेळात समोरच्या देवळात पाळणा सुरू झाला. सुंठवडा आणायला जाण्याआधी ओळ भरली. डावीकडे १. उजवीकडे १२, आणि रकान्याच्या डोक्यावर पेरेझ, लॉसन यांच्या खाली तिसरं नाव.

दुपारी भाचीचा फोन. त्यांची नवी मागची विंग कालच बसवली. दुसऱ्या ड्रायव्हरने आधी चालवली आणि वळणात शिरताना मागून सुटल्यासारखं वाटतं असं लिहून दिलं. पहिला ड्रायव्हर अजून बसलेलाच नाही.

"मग काय केलंत?" विचारलं.

"विंग काढून टेबलावर ठेवलीये, मामा. आधी माउंटिंग मोजतोय."